गांजा, स्मृती आणि वेडाचा रकाना

सरकारी नमुन्यातला रकाना रिकामा ठेवायचा नसतो, हे कचेरीत काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. ब्रिटिश अमदानीत एखाद्या इसमाला वेड्यांच्या इस्पितळात धाडायचे, तर त्याच्याबरोबर एक वर्णनपत्र जात असे. नाव, वय, धंदा यांच्या जोडीला त्यात वेडाचे कारण कोणते, असाही एक रकाना असे. तो भरण्याचे काम बहुधा पोलिसांकडे येई. रस्त्यात बरळत फिरणाऱ्या बेवारशी माणसाच्या वेडाचे कारण ठाण्यातल्या अंमलदाराला कोठून ठाऊक असणार? पण रकाना तर भरायलाच हवा. मग 'गांजा' एवढा शब्द लिहिला की काम भागत असे. असे शब्द वर्षानुवर्षे साचत गेले, त्यांच्या बेरजा झाल्या, त्या बेरजा वार्षिक अहवालांत छापल्या गेल्या, आणि हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे गांजाने भरली आहेत असा समज थेट लंडनपर्यंत जाऊन पोचला.

१८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात याविषयी प्रश्न निघाला. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात सभासदांचा एक आयोग नेमला. त्यांपैकी तिघे हिंदी होते. आयोगाने देशभर फिरून ११९३ जणांच्या साक्षी घेतल्या आणि १८९४ साली आपला अहवाल सादर केला. त्यातला सर्वांत वाचनीय भाग या रकान्याविषयीचा आहे. १८९२ या एका वर्षात इस्पितळांत दाखल झालेल्या १३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावापुढे भांग-गांजा हे कारण लिहिलेले होते. आयोगाने प्रत्येक प्रकरणाची मुळापासून चौकशी केली, तेव्हा त्यांतील अवघी ९८ प्रकरणे कशीबशी टिकली, आणि त्यांतही काहींना दुसरीही कारणे होती. निम्म्याहून अधिक नोंदी म्हणजे केवळ लेखणीचे उद्योग ठरले.

बेताच्या सेवनाने मनावर वाईट परिणाम होत नाही, अतिसेवनाने होतो, असा आयोगाचा निष्कर्ष होता. गांजाचे समर्थक आज या अहवालाचा दाखला मोठ्या उत्साहाने देतात. सव्वाशे वर्षांपूर्वीच या वनस्पतीची निर्दोष सुटका झालेली आहे, असा त्यांचा दावा असतो. तो दावा करताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. आयोगाने विचारलेले प्रश्न वेडाचे, गुन्ह्यांचे आणि नीतीचे होते. ज्याला वेड लागलेले नाही, ज्याने गुन्हा केलेला नाही, जो रोज उठून आपल्या कामाला जातो, अशा माणसाची स्मरणशक्ती दहा-पंधरा वर्षांत किती उणावली, हा प्रश्न आयोगापुढे नव्हता. आणि असता तरी तो मोजण्याचे साधन त्या काळी नव्हते. स्मृतीचे मोजमाप करणारा जर्मन संशोधक एबिंगहाउस याचा ग्रंथ प्रसिद्ध होऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. मुंबई इलाख्यात गांजाची शेती नगर जिल्ह्यात होत असे, परवान्याच्या दुकानांतून तो विकला जाई आणि सरकारला त्याचा महसूल मिळे. त्या महसुलाच्या बाजूला खर्चाचा जो आकडा मांडायला हवा होता, तो कोणी मांडलाच नाही. आपल्याकडील सगळी चर्चा त्यानंतरही वेडाच्या रकान्यापाशीच घोटाळत राहिली.

प्रस्तुत लेखक पुण्यातील एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. औषधशास्त्र हा त्याचा विषय नव्हे. तथापि या विषयात डोके घालण्याचे कारण एक विद्यार्थी आहे. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका खेड्यातून तो आमच्याकडे आला होता. गणिती अर्थशास्त्राच्या तासाला मी फळ्यावर तिसरी पायरी लिहीत असताना हा शेवटचे उत्तर सांगून मोकळा होई. दुसरे वर्ष संपता संपता तोच मुलगा एका तासात एकच शंका तीनदा विचारू लागला, आणि आपण ती आधी विचारली आहे याचा त्याला पत्ता नसे. वह्या अर्धवट राहू लागल्या. वाक्य सुरू करायचा आणि मध्येच थांबून ओशाळे हसायचा. खोलीवरच्या मित्रांकडून कारण कळले. रोज संध्याकाळी, कधी दुपारीही, गांजा ओढणे चालू होते.

मी त्याला बोलावून घेतले आणि आपल्याकडचे वडीलधारे जे सांगत आले तेच सांगितले : असाच ओढत राहिलास तर वेडा होशील. तो अदबीने म्हणाला, "सर, आमच्या खोलीवर एक जण चार वर्षे ओढतोय. त्याला परवाच कंपनीत नोकरी लागली. तो कुठे वेडा झाला?" माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे त्याची परीक्षा राहिली, मग तो गावी निघून गेला. त्याच्या घसरणीत गांजाचा वाटा किती, घरच्या कर्जाचा किती आणि या शहरातल्या एकटेपणाचा किती, हे मला आजही सांगता येणार नाही. एवढे मात्र खरे, की ठाण्यातल्या अंमलदाराप्रमाणे मीही तो रकाना माहितीवाचून भरला होता, आणि मुलाने ते ओळखले होते. त्याने माझे एक विधान खोटे पाडले. त्यासरशी माझी सारीच विधाने त्याच्या लेखी खोटी ठरली.

मग खरे काय आहे?

गांजातील मुख्य मादक द्रव्य टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल हे होय. १९६४ साली इस्रायलमधील राफेल मेखुलाम आणि येहिएल गाओनी यांनी ते वेगळे काढून त्याची घडण सांगितली. हे द्रव्य मेंदूत ज्या ठिकाणी जाऊन बसते, ती ठिकाणे १९८८ साली सापडली. ती आपल्या मेंदूत मुळात का असावीत, याचा शोध घेता घेता १९९२ साली मेंदूच तयार करीत असलेला एक सजातीय पदार्थ हाती आला. शोधणाऱ्यांनी त्याला चक्क आपल्या संस्कृतातील 'आनंद' शब्दावरून 'आनंदामाइड' असे नाव दिले. ही बसण्याची ठिकाणे मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात दाटीने आहेत, आणि नव्या आठवणी पक्क्या करण्याचे काम याच भागाचे आहे.

कचेरीच्या भाषेत सांगायचे, तर हिप्पोकॅम्पस हा आवक-बारनिशीचा कारकून. दिवसभरात आलेला प्रत्येक कागद नोंदवून तो योग्य त्या फायलीत लावणे हे त्याचे काम. गांजाच्या अमलाखाली हा कारकून पेंगतो. टपाल येत राहते, पण नोंद होत नाही. जुन्या फायली मात्र जागच्या जागी असतात. म्हणूनच गांजेकस माणसाला पाढे आठवतात, शाळेतल्या कविता आठवतात, दहा वर्षांपूर्वीचा क्रिकेटचा सामना तपशीलवार आठवतो. आणि आपल्या स्मरणशक्तीला काही झालेले नाही, अशी त्याची प्रामाणिक खात्री असते. काल वाचलेले प्रकरण आज आठवत नाही, तेव्हा तो दोष पुस्तकाला देतो. शिवाय हे द्रव्य चरबीत विरघळणारे असल्याने शरीरातून सावकाश जाते. दारूची नशा सकाळी उतरते. रोज ओढणाऱ्याच्या मेंदूला अशी पूर्ण मोकळी सकाळ बहुधा मिळतच नाही. त्यातून मेंदूची घडण विशी ओलांडली तरी पुरी झालेली नसते. आपली मुले ज्या वयात गाव सोडून पुण्याला येतात, त्याच वयात ती चालू असते.

तात्पुरत्या अमलाविषयी विज्ञानात फारसा वाद नाही. वाद आहे तो वर्षानुवर्षांच्या सेवनाविषयी. या प्रश्नावर आपल्या देशात काम झालेले नाही असे समजण्याचे कारण नाही. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील डॉ. एन. एन. विग, डॉ. व्ही. के. वर्मा आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या दशकात दीर्घकाळ भांग पिणारे आणि चरस ओढणारे यांची तुलना न घेणाऱ्यांशी केली. सेवन करणाऱ्यांची प्रतिक्रिया मंद आणि एकाग्रता कमी आढळली. याच माणसांपैकी जे सापडले त्यांची सुमारे दहा वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, आणि १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात काही चाचण्यांत आणखी घसरण झाल्याची नोंद आहे. या अभ्यासांतली माणसे थोडी होती, ही त्यांची मर्यादा.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १०३७ मुलांचा पाठपुरावा त्यांच्या बालपणापासून होत आहे. तेराव्या वर्षी, म्हणजे बहुतेकांनी गांजा पाहण्यापूर्वी, त्यांची बुद्धिमापन चाचणी झाली होती. अडतिसाव्या वर्षी ती पुन्हा घेण्यात आली. किशोरवयात गांजा सुरू करून पुढे वर्षानुवर्षे त्यावर अवलंबून राहिलेल्यांच्या बुद्ध्यंकात सुमारे ८ गुणांची घट दिसली. ज्यांनी प्रौढ वयात सुरुवात केली त्यांच्यात तशी घट दिसली नाही. हा निबंध २०१२ साली आला आणि जगभर गाजला.

त्यावर पहिला महत्त्वाचा आक्षेप घेतला तो एका अर्थशास्त्रज्ञाने, हे सांगताना मला थोडा व्यवसायबंधुत्वाचा अभिमान वाटतो. नॉर्वेचे ओले रोगेबर्ग यांनी २०१३ साली दाखवून दिले, की गरीब घरातली मुले लवकर गांजाकडे वळत असतील आणि त्याच मुलांचे शिक्षणही लवकर सुटत असेल, तर बुद्ध्यंकातली घट गांजाची की परिस्थितीची, हे या आकड्यांवरून सांगता येणार नाही. पुढे २०१६ साली अमेरिकेत तीन हजारांवर जुळ्या भावंडांच्या माहितीचा अभ्यास झाला. जुळ्यांतील एकाने गांजा घेतला आणि दुसऱ्याने घेतला नाही, तरी दोघांची घसरण जवळपास सारखीच निघाली. म्हणजे बुद्ध्यंकाच्या बाबतीत निदान काही दोष तरी घराचा आणि परिसराचा असला पाहिजे. दुसऱ्या बाजूला, ड्युनेडिनच्या त्याच मंडळींना पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा तपासले, तेव्हा दीर्घकाळ सेवन करणाऱ्यांत साडेपाच गुणांची घट आढळली आणि त्यांचा हिप्पोकॅम्पसही तुलनेने लहान दिसला. वाद असा चालू आहे, आणि तो चालू आहे हे विद्यार्थ्यांना सांगण्यात कमीपणा मानू नये.

त्यातल्या त्यात ठामपणे बोलता येते ते शब्दस्मृतीविषयी. अमेरिकेत १९८५-८६ साली तरुण असलेल्या काही हजार स्त्री-पुरुषांना पंचवीस वर्षांनी पंधरा शब्दांची यादी ऐकवून ते आठवायला सांगण्यात आले. आयुष्यात एकूण किती दिवस गांजा घेतला याचा हिशेब करून ३६५ दिवसांचे एक वर्ष मोजले, तर अशा दर पाच वर्षांमागे दोघांतल्या एकाला यादीतला एक शब्द कमी आठवतो, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले. विचाराचा वेग किंवा इतर बौद्धिक क्षमता यांत असा ठळक फरक दिसला नाही.

पाच वर्षे रोज गांजा ओढून पंधरांतला फार तर एक शब्द! ज्याला वेडाची भीती घातली गेली आहे तो हा आकडा ऐकून हसेल. अर्थशास्त्राच्या माणसाला मात्र हसू येऊ नये. यंत्राचा घसारा रोज डोळ्यांना दिसत नाही. गिरणी चालू असते, कापड निघत असते, म्हणून मालकाला वाटते सारे आलबेल आहे. पत्रकात घसाऱ्याची रक्कम दाखवायची ती याचसाठी. ज्याला आम्ही वर्गात मानवी भांडवल म्हणून शिकवतो, त्यालाही घसारा असतो. फरक इतकाच, की त्याचे पत्रक कोणी मांडत नाही.

तो घसारा परीक्षेच्या निकालात कसा उमटतो, याचा एक सुरेख पुरावा हॉलंडमधून आला आहे. मास्ट्रिख्ट हे बेल्जियम आणि जर्मनी यांच्या सरहद्दीजवळचे विद्यापीठाचे गाव. तेथे गांजा विकणारी परवानगीची दुकाने आहेत. सरहद्दीपलीकडून येणाऱ्यांची गर्दी हटवण्यासाठी २०११ साली तेथे असा नियम झाला, की डच, जर्मन आणि बेल्जियन नागरिकांखेरीज कोणालाही या दुकानांत प्रवेश नाही. विद्यापीठात इतर देशांचे विद्यार्थी पुष्कळ. एकाच वर्गात, एकाच प्राध्यापकापुढे बसलेल्यांपैकी काहींना दुकान बंद आणि काहींना उघडे, अशी स्थिती एका रात्रीत निर्माण झाली. गांजा ओढणारा आणि न ओढणारा यांचे घरच मुळात निराळे असते, हा आक्षेप येथे चालत नाही. कारण दुकान कोणाला बंद होणार, हे पारपत्राने ठरवले होते, चारित्र्याने नव्हे. ऑलिव्हिए मारी आणि उल्फ झ्योलिट्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी चौपन्न हजारांवर गुणनोंदी तपासल्या. ज्यांना दुकान बंद झाले त्यांचे गुण वाढले, उत्तीर्ण होण्याची शक्यता सुमारे पाच टक्क्यांनी वाढली. लहान वयाच्या आणि मुळात कमी गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांत हा फरक अधिक होता, आणि आकडेमोडीच्या विषयांत तो सर्वांत ठळक होता. हे वाचताना मला माझा फळ्यापुढचा तास आठवल्यावाचून राहिला नाही.

या प्रयोगाचा आणखी एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. त्या विद्यार्थ्यांपैकी कोणालाही ओढतो म्हणून पकडले नव्हते. माल मिळणे अवघड केले गेले, एवढेच.

आता या पाच टक्क्यांचा पुण्याच्या संदर्भात अर्थ लावून पाहावा. सदाशिव आणि नारायण पेठेतल्या अभ्यासिकांतून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुले आहेत. गुणवत्ता यादीतले नाव अर्ध्या गुणाने हुकते, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? ज्याच्या वडिलांचे लक्ष्मी रस्त्यावर दुकान आहे, त्याची स्मृती थोडी बोथट झाली तरी दुकान त्याला सांभाळून घेते. ज्याच्या बापाने दोन एकरांपैकी एक गहाण टाकून त्याला पुण्यात ठेवले आहे, त्याच्यापाशी स्मरणशक्तीखेरीज दुसरे भांडवलच नाही. रोगेबर्ग यांचा आक्षेप संशोधक म्हणून मला मान्य आहे. गरिबी आणि गांजा यांचे परिणाम एकमेकांत मिसळतात, ते वेगळे काढणे कठीण. परंतु संशोधकाच्या दृष्टीने जो गुंता आहे, तो त्या मुलाच्या दृष्टीने दुहेरी भार आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत कर्ज की गांजा, असा प्रश्न मी स्वतःला फार दिवस विचारत होतो. कर्ज होते, म्हणूनच गांजा त्याला महाग पडला, असे आता वाटते.

समर्थकांचे इतर युक्तिवाद थोडक्यात आटोपता येतील. ही शंकराला प्रिय असलेली वनस्पती आहे, आयुर्वेदात तिला विजया म्हणून स्थान आहे, आधुनिक वैद्यकातही तिच्यातील काही द्रव्ये फेफऱ्यासारख्या विकारांत उपयोगी पडतात, हे सारे खरे आहे. औषध म्हणून मापाने दिलेल्या द्रव्यावरून रोजच्या चिलमीचे समर्थन होत नाही. दारूने अधिक घरे बुडाली, हेही खरे. पण एका वाईटाने दुसरे चांगले ठरत नाही. पूर्वीचे बैरागी आयुष्यभर ओढत आणि ठणठणीत राहत, असे म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. बैराग्याला सांख्यिकीची परीक्षा द्यायची नव्हती. आणि माल बदलला आहे : अमेरिकेत पकडलेल्या गांजात मादक द्रव्याचे प्रमाण १९९५ साली सुमारे ४ टक्के होते, ते २०१४ पर्यंत १२ टक्क्यांवर गेले.

वेडाची भीती अगदीच निराधार होती असेही नाही. त्या अंमलदारावर अन्याय व्हायला नको. स्वीडनमध्ये लष्करात भरतीला आलेल्या पंचेचाळीस हजार तरुणांच्या पाहणीत, ज्यांनी पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतला होता त्यांना पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचे प्रमाण सहापट आढळले, हे १९८७ साली प्रसिद्ध झाले आहे. ज्याच्या घराण्यात असा आजार आहे, त्याने तर या वाटेला जाऊच नये. परंतु सहापट झाला तरी तो धोका थोड्यांचा; आणि ज्या बहुसंख्यांना वेड लागत नाही, त्यांच्या झिजेविषयी आपण काहीच बोलत नाही.

विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट भीतीची नाहीच. बॉस्टनमध्ये सोळा ते पंचवीस वर्षांच्या, नियमित गांजा घेणाऱ्या मुलांना पैशाचे आमिष दाखवून एक महिना गांजा बंद ठेवायला लावले. त्यांची शब्दस्मृती सुधारली आणि सुधारणेचा मोठा भाग पहिल्याच आठवड्यात दिसला. हा निकाल २०१८ चा. तरुणांवरील अनेक अभ्यासांचा एकत्र विचार केला, तेव्हाही असे दिसले, की तीन दिवसांहून अधिक काळ गांजा थांबवलेल्यांत बौद्धिक उणीव पुष्कळ कमी होते. पेंगणारा कारकून जागा होतो. फार लवकर सुरू करून फार वर्षे चालू ठेवणाऱ्यांचे सारेच भरून येते असे नाही. परंतु विशीतल्या मुलाला परतीची वाट मोकळी आहे. तिचे पहिले दोन आठवडे मात्र कठीण असतात. झोप लागत नाही, चिडचिड होते, अन्न नकोसे होते, आणि गांजा सोडला म्हणून अभ्यास होत नाही असा उलटा ग्रह होऊन मुलगा पुन्हा तिकडेच वळतो. हे आधी कोणी सांगितलेले असेल, तर ते दोन आठवडे निभावतात.

ते सांगणार कोण आणि कोठे, हा खरा प्रश्न आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतला होता, आणि त्यांपैकी सुमारे ७२ लाखांना त्यासाठी मदतीची गरज होती. ही मदत घेण्याच्या आड कायद्याचे भय येते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी आली. शेंड्याविना असलेली पाने त्याच्या व्याख्येतून वगळली गेली, म्हणून भांग त्या कायद्याबाहेर राहिली, जरी महाराष्ट्रात तिच्यावर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे. एकाच झाडाचे पान एका कायद्यात आणि फूल दुसऱ्यात, हा प्रकार गमतीचा आहे खरा. पण केवळ सेवनासाठीही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हे विद्यार्थ्यांच्या दृष्टीने गमतीचे नाही. सरकारी नोकरीची स्वप्ने पाहणारा मुलगा आणि त्याचे आईबाप पोलीस प्रकरणाच्या धास्तीने डॉक्टरकडेसुद्धा जात नाहीत. याच कायद्यात ६४अ हे कलम आहे. अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी आपण होऊन मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. हे कलम किती प्राध्यापकांनी वाचले आहे? मी स्वतः ते त्या मुलाच्या वेळी वाचलेले नव्हते.

वास्तविक या बाबतीत पुण्याने कोणाकडून शिकावे अशी स्थिती नाही. ऐंशीच्या दशकात गर्द या शहरात शिरले, तेव्हा अनिल अवचट यांनी त्याविषयी लिहिले, आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. ज्या प्रकारच्या इस्पितळाच्या नोंदवहीत पूर्वी 'गांजा' लिहून माणूस आत ढकलला जाई, तशाच एका इस्पितळाच्या आवारात व्यसनी माणसाशी माणसासारखे बोलण्याची रीत महाराष्ट्राला मिळाली. अडचण अशी, की गांजा ओढणारा विद्यार्थी स्वतःला व्यसनी समजतच नाही. मुक्तांगण हे दारुड्यांसाठी आणि गर्दुल्ल्यांसाठी आहे, असे त्याला वाटते. त्याला जेथे गाठता येईल अशी जागा म्हणजे महाविद्यालयच.

आणि महाविद्यालयात आपण काय करतो? प्रत्येक वीस-पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक पालक-शिक्षक असावा, अशी व्यवस्था आज जवळजवळ सर्वत्र आहे. तिच्या वह्याही असतात. मूल्यांकन समितीची भेट जवळ आली, की त्या वह्या रात्री बसून भरल्या जातात. 'विद्यार्थ्याच्या अडचणी' या रकान्यात 'अनियमित उपस्थिती' असे लिहिले की काम भागते. हे मी कोणा दुसऱ्याविषयी सांगत नाही. अशा वह्या मीही भरल्या आहेत. एखाद्या वसतिगृहात चिलीम सापडली, तर मुलाला काढून टाकणे हा सोपा उपाय असतो. काढून टाकलेला मुलगा पेठेतल्या एखाद्या खोलीवर जातो, जेथे त्याला विचारणारे कोणीच नसते.

माझी सूचना साधी आहे. लघवीच्या तपासण्या आणि वसतिगृहांवरच्या धाडी यांत शक्ती घालवण्याऐवजी जूनमध्ये नवे वर्ष सुरू होताना वसतिगृहाच्या फलकावर दोन गोष्टी लावाव्यात : कलम ६४अ चा मराठी मजकूर, आणि मानसिक आरोग्यासाठी २०२२ पासून चालू असलेल्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक. पालक-शिक्षकाने आठवड्यातला एक तास दार उघडे ठेवून बसावे आणि त्या तासात झालेले बोलणे शिस्त समितीकडे जाणार नाही, याची लेखी हमी प्राचार्यांनी द्यावी. ही हमी मिळवणे सर्वांत कठीण जाईल, याची मला कल्पना आहे. आमच्या महाविद्यालयात मी तिच्यासाठी दोनदा अर्ज केला आहे. पहिल्या अर्जाला उत्तर आले नाही. दुसरा अद्याप विचाराधीन आहे.